तेजपूरच्या दोन गाड्या

सकाळपासून इंदूबाई नकाशापुढून हलल्या नव्हत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण तो नकाशा पाठ होता. नवऱ्याने, देवमन मास्तरांनी, ड्रायव्हिंग स्कूलची नवी शाखा उघडली की ऑफिसच्या भिंतीवरच्या त्या हिंदुस्थानात बाभळीचा एक काटा खोचायचा, हा घरचा रिवाज. टाचण्या विकत आणाव्या लागतात आणि वऱ्हाडात काटे फुकट मिळतात, असं मास्तर म्हणायचे. अमरावतीचा काटा सगळ्यात जुना, काळा पडलेला. त्याच्या डावीकडे अकोल्याचा, आणि उजवीकडे नागपूर, रायपूर, टाटानगर असे एकामागे एक. इंदूबाई त्यांना गावांनी ओळखत नसत, माणसांनी ओळखत. हा थोरल्या सूर्यभानचा, हा माह्या भावाचा, हा पुतण्याचा. आणि पार वरच्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून तुटून, एकटा खोचलेला होता तो धाकट्या धर्मपालचा. तेजपूर, आसाम.

काल रेडिओने बोमडिला पडल्याचं सांगितलं होतं. चिनी सैन्य डोंगर उतरून खाली येतंय, असं बाजारात लोक बोलत होते. इंदूबाईंनी थोरल्या सुनेला हाक मारून बोमडिला कुठं आहे ते दाखवायला लावलं होतं. नकाशात ते नाव नव्हतंच. ललिताने अंदाजाने बोट ठेवलं. इंदूबाईंनी त्या बोटापासून काट्यापर्यंतची जागा चाचपून पाहिली. मधे त्यांची दोन बोटं जेमतेम मावली.

"एवढंच?" त्यांनी विचारलं होतं.

"नकाशा लहान असतो, आत्याबाई. खरं अंतर लई असते," ललिता म्हणाली होती. पण बोलता बोलता तिनेही ती जागा बोटांनी मोजली होती, आणि इंदूबाईंनी ते पाहिलं होतं.

टेबलाशी देवमन मास्तर बसले होते. तेही कालपासून जेवले नव्हते, पण ते कुणाला कळू नये म्हणून सारखे पान लावत होते. त्यांना देश समजायचा तो रुळांवरून. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात लॉरी चालवत, थेट ब्रह्मदेशाच्या हद्दीपर्यंत. परत आल्यावर लष्करी डिस्पोजलच्या लिलावातून एक फोर्ड गाडी घेतली, शेजारच्या, शिकवणाऱ्या मास्तरच्या सीटपुढे स्वतःच्या हाताने दुसरा ब्रेक बसवला आणि अमरावतीच्या इर्विन चौकात पाटी लावली. जातीच्या शिक्क्यामुळे ज्यांना कुणी मोटारीच्या मडगार्डलाही हात लावू दिला नसता, ती पोरं तिथं शिकली आणि पुढे दुसऱ्यांना शिकवायला गावोगाव गेली. शाखा कुठं काढायची याचा मास्तरांचा एकच नियम होता. बदनेऱ्याच्या फलाटावर उभं राहिलं की जे रूळ दिसतात, त्याच रुळांवरच्या गावात शाखा. आपला माणूस आजारी पडला, अडकला, तर मेलमध्ये बसलं की त्याच्यापर्यंत जाता आलं पाहिजे.

तेजपूर त्या रुळांवर नव्हतं. कलकत्ता गाठा, मग आगबोटीने गंगा ओलांडा, मग लहान रुळांची गाडी धरा. दरवर्षी धम्मदीक्षेच्या दिवशी नागपूरहून परतलं की सगळं घर या खोलीत बसायचं आणि पुढच्या शाखेचं ठरायचं. दोन वर्षांमागे सूर्यभान अकोल्याहून तेजपूरचं नाव घेऊन आला. आसामच्या हद्दीवर नवे रस्ते चाललेत, ठेकेदार ड्रायव्हरसाठी हात जोडून राहिलेत, असं त्याला कापूस बाजारात कुणी सांगितलं होतं. मास्तर नाही म्हणत होते. पण धर्मपालच उठून म्हणाला, "मी जातो, बावा. मले जुनी फोर्ड द्या फक्त." ज्या फोर्डवर सगळं घर गाडी शिकलं तिला मास्तरांनी कुणाला हात लावू दिला नसता. त्याला दिली. मागून एक जीपही पाठवली. काटा खोचताना मात्र मास्तरांचा हात क्षणभर थांबला होता, तेवढं इंदूबाईंना आठवत होतं.

"धर्माले केलेली तार पोचली असन ना?" सूर्यभानने दारातून तिसऱ्यांदा विचारलं. तो आणि ललिता परवा अकोल्याहून आले होते. आल्यापासून त्याच्या हाताला चाळा लागला होता. पुसलेली गाडी पुन्हा पुसत होता.

"पोचली असन," मास्तर म्हणाले.

"मंग उत्तर काहून येऊन नाई राहिलं?"

"तुले मालूम. तूच पाठवलं न त्याले तठी," इंदूबाई नकाशाकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या.

"मी काय लढाई लावली का, माय?"

"जाऊ दे. त्यानं काही वाईट नाई केलं," मास्तर मधे पडले. "धंद्याचं पाहिलं त्यानं. काटा म्याच खोचला."

बाप आणि थोरला एका बाजूला झाले की इंदूबाई गप्प होत, हे घरातलं जुनं गणित होतं.  आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर धाकटी सून मनकर्णा बसली होती. पहिलं बाळंतपण म्हणून धर्मपालने तिला पोळ्याच्या आधीच अमरावतीला आणून सोडलं होतं; आता सातवा महिना होता. तिने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला होता, कारण खोलीत भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, होते. ओठांतल्या ओठांत ती त्रिसरण म्हणत होती. मधेच थांबे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

दुपार कलता कलता तारवाल्याची सायकल चौकातून वळली.

 इंदूबाईंनी सकाळपासून पहिल्यांदाच नकाशाकडे पाठ केली. मास्तरांनी सही केली, पण पाकीट फोडलं नाही. ते ललितापुढे धरलं. घरात इंग्रजी तिलाच येत होतं. शाखांच्या सगळ्या तारा ती आली की तीच लिही आणि तीच वाची.

ललिताने कागद उघडला. पहिली ओळ वाचून तिच्या जिवात जीव आला. दुसरी ओळ तिने दोनदा वाचली. त्या ओळीत तिला स्वतःचे शब्द दिसले. परवा तिनेच लिहिले होते. मास्तर टेबलाशी उभे राहून सांगत होते आणि ती लिहीत होती, 'ताबडतोब निघ. गाड्या घेऊन ये.' तिचं पेन थांबलं होतं. "मामाजी, गाड्याईचं लिहू?" असं तिने विचारलंही होतं. मास्तरांची कुठल्याही शाखेला गेलेली कुठलीही निरोपाची ओळ याच तीन शब्दांनी संपायची. गाडी घेऊन ये. कुणाचं लग्न असो, कुणी आजारी असो. "लिही न," ते सवयीने म्हणाले होते. आणि सूर्यभान मागून बोलला होता, "हाव, जीप नवी हाये." तिने लिहिलं होतं. तिला खोडता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं.

"काय हाये त्याच्यात?" मास्तरांनी विचारलं.

"बोरा नावाच्या कोन्या शिकावूची तार हाये. गौहातीहून." ललिताने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "जीप गौहातीले सुखरूप पोचली म्हनते."

सूर्यभानने सुस्कारा सोडला. "पोचली. म्हनलं नव्हतं म्या? जीप असली की मानूस—"

"जीपचं नाई विचारून राहिली मी," इंदूबाई म्हणाल्या. "धर्मा कोठी हाये?"

ललिता कागदाकडे पाहत राहिली. एवढंच वाचून घडी घालावी, असं तिला फार वाटलं. रात्रभर तरी या बायका झोपतील. पण उंबऱ्यावर बसलेल्या मनकर्णाने पदर मागे सारला होता आणि ती थेट तिच्याकडे बघत होती. त्या नजरेपुढे ललिताला खोटं बोलता येईना.

"मास्तर, म्हंजे धर्मपालभाऊ, तुमच्या हुकमापरमानं फोर्ड आनाले नदीच्या अलीकडच्या घाटावरून माघारी तेजपूरले गेले," तिने एका दमात सांगितलं. "बाकी काही नाई लिहिलं."

 बाहेर कापसाची गाडी गेली, तिची चाकं वाजत लांब गेली. मास्तरांच्या हातातलं पान खाली पडलं. ते उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"हुकूम," इंदूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच ललिताला त्याची भीती वाटली. "तो नदीच्या अलीकडं आलता. वाचलाच होता. आनं तुमी त्याले माघारी पाठवलं."

"म्या फोर्ड नाई म्हनलं," मास्तर पुटपुटले. "गाड्या म्हनलं. सवयीनं म्हनलं."

"दोन गाड्या होत्या त्याच्यापाशी. गाड्या म्हनलं तर तो दोन्ही आनन. तुमचाच पोरगा हाये. गाडी मले माय म्हनते का? माह्या पदराले हात पुसते का?"

"बावा, तुमी लिहायले नको होतं," सूर्यभान म्हणाला. परवापासून बापाच्या आड उभा असलेला तो आता बाजूला सरकला. "साधं ये म्हनलं असतं तर तो आला असता. आता याच्यात माहा दोष कोनी काढू नोका."

हे ललिताला सहन झालं नाही. नवऱ्याला चारचौघांत बोलायचं नाही हे तिला माहेरी शिकवलं होतं, सासरी दोनदा शिकवलं होतं. पण पोटात भीती असली की माणसाला शिकवलेलं आठवत नाही.

"जीप नवी हाये, असं कोन म्हनलं होतं परवा?" तिने विचारलं.

"ललिता."

"आनं धर्मपालभाऊ निघाले त्या दिवशी बदनेरा स्टेशनवर तुमी काय म्हनलं होतं मले? लांब गेला तर बरं, अमरावती आपल्या हाती राहीन. हे म्हनलं होतं का नाई?"

सूर्यभानचं तोंड उतरलं.  इंदूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्याने तो जास्त घाबरला. लहानपणी आई मारायची थांबून नुसती पाठ फिरवायची तेव्हा तो असाच घाबरायचा. आणि खरं तर तो बऱ्याच वर्षांपासून घाबरलेला होता. धाकट्याच्या हातात स्टिअरिंग बसलं आणि बापाने पहिल्यांदा मास्तरच्या सीटवर डोळे मिटून झोप काढली, त्या दिवसापासून. सूर्यभान चालवत असला की बाप कधी झोपला नव्हता. पाय कायम दुसऱ्या ब्रेकवर. हे तो कुणाला सांगणार होता?

"मी जातो," मास्तर उठले. "आजची मेल धरतो. तो मुलुख म्या पायला हाये."

त्यांनी पाहिला होता, म्हणूनच त्यांना दोन रात्री झोप नव्हती. लॉरी सोडायची नाही, ड्रायव्हर मागून, लॉरी आधी. लष्करात हे त्यांना घोटून शिकवलं होतं. लॉरी वाचवायला थांबलेली पोरं त्यांनी त्या डोंगरात मागे राहिलेली पाहिली होती, नावानिशी आठवत होती. आणि तरी परत येऊन त्यांनी तेच शिकवलं, कारण गाडी धड परत आणणाऱ्या माणसाला कुणी जात विचारत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्या शिकवण्याचं हे फळ आपल्याच पोराच्या पदरात पडेल, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"तार करता येते का पाहा न अजून एक," इंदूबाई म्हणाल्या.

"मी पोस्टात जाऊन आलो सकाळी," सूर्यभान खाली बघत म्हणाला. "तेजपूरची तार घेऊन नाई राहिले. लाइन बंद हाये म्हनते."

"मंग मीच जातो," मास्तर पुन्हा म्हणाले आणि खुंटीवरचा कोट काढायला लागले.

"मामाजी, तुमी नका जाऊ."

बोलली ती मनकर्णा. भिंतीचा आधार घेऊन ती उभी राहिली होती. लग्न झाल्यापासून दोन वर्षांत तिने या खोलीत, भासऱ्यांच्या देखत, शब्द काढला नव्हता. चहा द्यायचा तरी कप दारात ठेवून कडी वाजवायची.

"तुमी गेले न, तर हे तुमाले पाहून आधी गाडीच शोधतीन," ती म्हणाली. "फोर्ड कोठी हाये, फोर्डले काही झालं का, हेच सांगत बसतीन. तुमच्या म्होरं ते गाडी सोडून उभे राहूच शकत नाई. मले मालूम हाये." ती दमली होती. श्वास घेऊन ती वळली, आणि सगळ्यांना वाटलं ती आता आत जाईल. ती सूर्यभानसमोर आली. "भाऊजी, तुमी जा. गौहातीले बोरा हाये. त्याले धरा, घाट गाठा. ते नदीच्या अलीकडं आले असतीन तर घेऊन या. नसतीन आले तर घाटावर बसून राहा, पन त्याईले घेतल्याशिवाय येऊ नोका. माहं लेकरू बाप इचारीन तवा मी काय नकाशा दाखवू का त्याले?"

सूर्यभान नागपूरच्या पुढे कधी गेला नव्हता. बाकीच्या शाखा त्याने या भिंतीवरच पाहिल्या होत्या. तो चिनी सैन्याला भ्याला, आगबोटीला भ्याला, अनोळखी भाषेला भ्याला. त्याने बायकोकडे पाहिलं. ललिताच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती मधे पडली नाही.

"जातो," तो म्हणाला. 

त्यानंतर घाई झाली. इंदूबाईंनी भाकरी, ठेचा आणि गूळ फडक्यात बांधला. ललिताने घरात होती नव्हती ती घोंगडी गुंडाळली आणि तारेवरचा बोराचा पत्ता कागदावर उतरवून नवऱ्याच्या खिशात घातला. हात खिशात असतानाच ती हळूच म्हणाली, "म्या लोकांदेखत बोलाले नको होतं."

"खोटं नाई बोलली तू," सूर्यभान म्हणाला.

निघताना इंदूबाईंनी त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. दुपारपासून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. "तुह्यावर राग हाये माहा," त्या म्हणाल्या. "तो राग काढाले तरी वापस येजो. दोघंई येजो."

बदनेऱ्यापर्यंत स्कूलची गाडी सूर्यभानने घेतली. मास्तर शेजारी, मास्तरच्या सीटवर. उन्हं उतरली होती. जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या बैलगाड्या रस्ताभर होत्या. गाव मागे पडलं.

"फोर्ड दिसली तरी तिच्याकडं पाहू नोको," मास्तर अचानक म्हणाले. "सांगजो त्याले. बावानं म्हनलं, गाडी सोड."

"त्याले पटन का?"

 थोड्या वेळाने गाडी ओढेनाशी झाली. सूर्यभानने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी जरा पुढे झाली आणि पुन्हा मंदावली. पुढे रस्ता मोकळा होता, बैलगाडी नव्हती, जनावर नव्हतं. इंजिनात काही बिघडलं की काय म्हणून त्याने कान दिला. मग त्याची नजर खाली गेली.

बापाचा पाय दुसऱ्या ब्रेकवर होता.

"बावा, पाय काढा."

"हाव," मास्तर म्हणाले आणि पाय काढला. एक मळा गेला असेल नसेल, गाडी पुन्हा अडायला लागली. लांबून बदनेऱ्याच्या सिग्नलचा खांब दिसू लागला होता.

"बावा, मेल चुकन न."

मास्तरांनी मान हलवली, पण पाय हलला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरला होता. सूर्यभानने त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्याला वाटत आलं होतं की आपल्या हातावर बापाचा भरवसा नाही, म्हणून तो पाय तिथं असतो. आता पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की बाप त्याच्या हाताला भीत नसावा. बाप त्याच्यासाठी भीत होता.

"एक पाठवला," मास्तर म्हणाले.  "आता दुसराई म्याच पाठवून राहिलो. माहा पाय ऐकत नाई, सूर्यभान."

 सूर्यभानने गाडी थांबवली नाही. गिअर खाली घेतला आणि गाडी तशीच पायी चालल्यासारखी हळूहळू पुढे नेत राहिला. लांब कुठंतरी इंजिनाची शिटी वाजली.

मास्तरांनी एका पायातली चप्पल काढली, मग दुसऱ्या पायातली. दोन्ही पाय हातांनी उचलून वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले. त्या सीटवर त्यांनी आजवर कधी मांडी घातली नव्हती. हात मांडीवर घट्ट दाबून धरले आणि समोर पाहायला लागले.

"हान आता," ते म्हणाले. "जोरात हान."